चार घासांची विहीण

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर मी पहिला प्रश्न काय विचारला, हे आमच्या घरात अजूनही पाहुण्यांना रंगवून सांगतात. "आज जेवायला काय आहे?" नर्स हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नुकतंच माझं पाऊण पोट कापून बाहेर काढलं होतं, आणि हा प्रश्न ऐकून आपण पोटाऐवजी जीभ काढायला हवी होती असं त्यांना वाटलं असणार.

मी डोंबिवलीत घरीच ब्लाऊज शिवते. माणूस समोर आला की मला आधी त्याचं माप दिसतं, चेहरा नंतर. दुसऱ्यांच्या कंबरा मोजण्यात अर्धा जन्म गेला, पण स्वतःला टेप लावायचं धाडस कधी झालं नाही. अंदाजाने कापड वाढवत गेले. शेवटी शुगर वाढली, गुडघे कुरकुरायला लागले, मशीनवर बसलं की पोट आधी मांडीवर येऊन बसायचं आणि मग मी. शेअर रिक्षात मागच्या सीटवर मी तिसरी म्हणून शिरले की आधीच्या दोघी एकमेकींकडे बघून असा काही सुस्कारा टाकायच्या की वाटायचं, उतरावं आणि चालत जावं. पण चालवत तरी कुठे होतं?

डाएट म्हणाल तर सगळी करून झाली होती. मध-लिंबू झालं, नुसत्या काकड्या झाल्या, रात्रीचं जेवण बंद करून झालं. सहा-सात महिने रडतखडत उतरवलेलं वजन गणपतीत उकडीच्या मोदकांबरोबर घरी परत यायचं. मग ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोट ही पिशवी, ती उभी कापायची, केळ्याएवढी ठेवायची, बाकीची टाकून द्यायची. आमचे हे घामाघूम झाले. मला मात्र एका झटक्यात कळलं. ढगळ कपडा आत घ्यायचा, दुसरं काय? मी म्हटलं, "शिवण तेवढी पक्की घाला हो, मागाहून उसवायला नको."

माझी देखभाल करायला कल्याणहून माझी नणंद आली. ह्यांची थोरली बहीण. वन्सं म्हणजे प्रेमाने जीव नकोसा करणारी बाई. पहिले दिवस नुसत्या पातळ गोष्टींचे. वन्सं वरणावरचं पाणी गाळून, त्यात चिमूटभर हिंग-जिरं घालून आणायच्या आणि समोर बसून राहायच्या. मी चमचाभर घ्यायची, थांबायची, पुन्हा चमचाभर. एवढीशी वाटी संपवायला सकाळची दुपार व्हायची. ज्या वाटीत आमच्याकडे पूर्वी फक्त लसणाची चटणी वाढायचे, ती आता माझं जेवण झाली होती. "अगं, चिमणी तरी ह्याहून जास्त खाते," वन्सं म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. खरं तर भूक अशी लागतच नव्हती. लागायचा तो नुसता मोह, आणि तोही वन्सं स्वतःसाठी फोडणीचा भात करायच्या तेव्हाच.

पोट भरलं हे मला कळायचं कसं, तर शिंक यायची. हसू नका, खरंच. डॉक्टर म्हणाले, काहींना होतं तसं. चौथा घास गेला की नाक हुळहुळायचं, एक शिंक, आणि खलास! त्यानंतर एक शीत जरी आत ढकललं तरी छातीत दगड अडकल्यासारखं व्हायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवणाच्या जरा आधी नाही आणि लगेच नंतरही नाही. प्यायचं तेव्हाही गटागटा नाही, घोट घोट. आधी डाळ, अंडं, मासे असलं पौष्टिक. भात-पोळी जागा उरली तर. जागा उरायची नाही.

पण मजा होती हो! ब्लाऊज आत घेऊन घेऊन टाक्यांना जागा उरली नाही, तेव्हा मी स्वतःसाठी नव्याने कापड बेतलं. केस गळाले तेव्हा जरा घाबरले, मग ते परत यायला लागले. जिना चढून वर आले आणि दारात उभ्या गिऱ्हाइकाशी लगेच भांडता आलं, तो दिवस तर मी सण म्हणून साजरा केला. आणि एका सकाळी देवापुढे बसले तेव्हा लक्षात आलं, मी मांडी घालून बसलेय. कित्येक वर्षांत मांडी पडत नव्हती. मी उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. ह्यांनी विचारलं, "काय हरवलंय?"

बाहेर मात्र हे सगळं सांगायची बंदी होती. ती वन्संची. "पित्ताचे खडे काढले म्हणायचं," त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. "घरात लग्नाचा मुलगा आहे. असलं काही कळलं की लोक सात पिढ्यांचे रोग उकरून काढतात. मुलगा बिचारा शिडशिडीत, तरी म्हणतील, उद्या ह्याचंही पोट सुटणार. एकदा त्याच्या डोक्यावर अक्षता पडू देत, मग हवं तर पेपरात छाप." आमच्याकडे हे असंच चालत आलंय. लग्नाचं बघायला लागलं की घरातले चष्मे, दमे आणि मूळव्याधी सगळ्या माळ्यावर जातात. मला ते पटलं नव्हतं, पण जी बाई रोज आपल्यासाठी वरणाचं पाणी गाळते तिच्याशी वाद कसा घालायचा? म्हटलं, खडे तर खडे. मग शेजारणी मला पित्तावर कोकमाचं सार सुचवायला लागल्या.

आणि मुलाने घरात सांगितलं की त्याने मुलगी पसंत केलीय.

मुलगी त्याच्याच ऑफिसातली, बाळकुमची, कोळ्यांची. आजोबांपर्यंत घरची होडी खाडीत जायची. वडील महापालिकेत नोकरीला, आणि आई अजूनही सकाळी ठाण्याच्या मार्केटात पाट मांडून मासळी विकायची. आम्ही रत्नागिरीकडचे मराठे. जात वेगळी म्हणून आमच्या ह्यांनी दोन-तीन दिवस पेपर उलटा धरून वाचला, मग सरळ धरला. मला तर आनंदच झाला. माशांच्या घरातली सून! इतकं चांगलं नशीब फक्त आता, पोट केळ्याएवढं झाल्यावर उघडलं, एवढंच वाईट वाटलं.

मुलाने एक गोष्ट मात्र आधीच कानावर घातली होती. "आई, तिच्या बाबांना एकच भीती आहे. तिच्या थोरल्या चुलत बहिणीचं असंच बाहेर लग्न ठरलं होतं. मुलाकडचे आले, चहा पण न पिता गेले. तेव्हापासून ते म्हणतात, आमच्या हातचं ज्यांना चालत नाही तिथे पोरगी द्यायची नाही. तू नीट जेव हां तिथे." आणि मग त्याचं त्यालाच आठवलं. "म्हणजे… जमेल तेवढं."

"सांगून टाकू या ना सरळ, ऑपरेशन झालंय म्हणून," मी म्हटलं.

"अजिबात नाही," वन्सं म्हणाल्या. "मी आहे ना, मी सांभाळून घेईन."

रविवारी दुपारी आम्ही मोठागावच्या नव्या पुलावरून बाळकुमला गेलो. चारी बाजूंनी टोलेजंग सोसायट्या आणि मधोमध त्यांचं बैठं घर, पुढे सारवलेलं अंगण. गाडीतून उतरलो तेव्हाच तळणीच्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीची आई दारात आली. माझ्याच वयाची, उंच, भरल्या अंगाची, नाकात मोठी नथ. माझ्या डोळ्यांनी सवयीने माप घेतलं आणि मन म्हणालं, बाई, तुझा ब्लाऊज ज्याने शिवलाय त्याने बाही चुकवलीय. तिने तांब्या-पेला पुढे केला.

"नको," मी म्हटलं. "आत्ता नको पाणी."

जेवण तयार होतं. पानं मांडली होती. आत्ता पाणी प्यायले असते तर जेवायला जागाच उरली नसती, म्हणून म्हटलं. तिने तांब्या मागे घेतला.

पंगत जमिनीवर होती. मी मांडी घालून बसले, आणि किती वर्षांनी पंगतीत बसता आलं म्हणून इतकी खूश झाले की चेहऱ्यावर हसू मावेना. ताटात काय नव्हतं! तळलेलं पापलेट, कोळंबीचं सुकं, चिंबोऱ्यांचा म्हणजे खेकड्यांचा रस्सा, तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी. मी कोळंबी खाल्ली, नीट चावून. पापलेटचा तुकडा मोडला. काय चव होती हो! मग शहाणपण सोडून चिंबोरीचा नांगा उचलला, रस चोखला, आणि शिंक आली.

मी हात थांबवला. मुलीची आई भाकरी घेऊन समोर उभी. "घ्या ना. जेवन आवडला नाय?"

"खूप छान झालंय. पण पुरे."

"आवराच? ताट तर तसाच हाय." ती भाकरी ताटावर धरून उभी राहिली. मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. तिकडून मुलीचे वडील बघत होते. ह्यांनी तिसरी भाकरी घेतली होती, वन्सं दुसरं पापलेट संपवत होत्या, मुलगा घाबरून माझ्याकडे बघत होता. आणि वन्संनी सांभाळून घेतलं.

"तिला आग्रह नका करू हो," त्या म्हणाल्या, "तिची आज संकष्टी आहे."

सगळ्यांनी एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मीसुद्धा. संकष्टी कधीच होऊन गेली होती. माझ्या ताटात कोळंबीची सालं होती आणि हातात चिंबोरीचा नांगा.

"संकष्टीला कोलंबी?" मुलीची आई हळूच म्हणाली. "उपास होता तर आधी सांगायचा ना, ताई. आमी भगर केली असती." भाकरी तिने परत टोपलीत ठेवली. मुलीचे वडील पान अर्धं टाकून हात धुवायला उठले.

परतीच्या गाडीत वन्सं म्हणाल्या, "मी तुला वाचवायला गेले." मी तोंड उघडलं असतं तर शीळफाट्यापर्यंत ऐकू गेलं असतं.

निरोप आला तो मुलाच्या तोंडून. ते लोक म्हणतात, थांबू या. मुलगी रोज रडतेय. "तिची आई म्हणते, बाकी सगळे जेवले, पण पोरीला राहायचंय सासूजवळ. आणि सासूने आपल्या घरचं पाणीपण घेतलं नाही. वर खोटा उपास सांगितला." तो माझ्या मशीनसमोर स्टुलावर बसला होता आणि कापडाची चिंधी बोटाला गुंडाळत होता. "मग तिने घरी खरं सांगितलं. ऑपरेशनचं. मी तिला सांगितलेलं, आत्याला न विचारता."

"मग?"

"मग काय! तिची आई म्हणाली, आधी उपास, आता ऑपरेशन. उद्या काय, डॉक्टरांनी बोलायला बंदी केलीय?"

त्याला हसू आणि रडू एकदमच येत होतं. लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये भाषण विसरला होता तेव्हा असाच दिसला होता. "ती त्यांच्या शब्दाबाहेर जाणार नाही, आई," तो म्हणाला. "आणि मी तिला सोडून दुसरं कोणी बघणार नाही. म्हणजे संपलंच."

मला रडू आलं नाही, राग आला. वन्संचा आला, कॅलेंडरचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. एवढी धीट म्हणवणारी बाई मी, पोट कापून घेताना घाबरले नाही आणि ते सांगताना घाबरले. मी मशीनवर झाकण घातलं आणि साडी बदलली.

"कुठे निघालीस?" वन्संनी विचारलं.

"बाळकुमला."

"एकटी? अगं, मुलाची आई आपणहून मुलीकडच्यांच्या दारात जात नसते."

"मुलाची आई पाणीही नाकारत नसते, वन्सं," मी म्हटलं आणि जिना उतरले. मला वाटलं होतं, त्या रागावतील. त्या गॅलरीत आल्या आणि वरून ओरडल्या, "छत्री ने गं, ऊन आहे!"

रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा असं करत पोचले तेव्हा मुलीची आई मार्केटातून येऊन अंगणात टोपल्या धूत होती. मला बघून उठली नाही. पाणी ओतत राहिली.

"मला प्यायला पाणी द्या," मी म्हटलं.

आता ती थांबली. आत जाऊन तांब्या घेऊन आली. मी ओटीवर बसले आणि प्यायला लागले. एक छोटा घोट, थांबायचं, पुन्हा एक छोटा घोट. ती कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"असा काय पिता, मांजरीवानी?"

"मोठा घोट आत मावत नाही."

"हां. ऑपरेशन ना?" ती म्हणाली. "पोरगी बोलली. पोट कापून काढतात म्हने. मी पन रोज मासली कापते, ताई. पोट काढल्यावर कोन जित्ता ऱ्हातो?"

वन्संनी सात पिढ्या, डॉक्टरांनी चित्र, मी शेजारणींना पित्ताचे खडे, प्रत्येकाने काही ना काही सांगून भागवलं होतं. हिला सांगून भागणार नव्हतं. मी उठले, आतल्या खोलीत गेले आणि म्हटलं, "या इकडे. दार लोटून घ्या."

ती आली. मी पदर बाजूला केला, निऱ्या खाली सरकवल्या आणि पोट उघडं केलं.

खरं सांगते, ते पोट मी तोवर कोणालाही दाखवलं नव्हतं. डॉक्टरांचं सोडा. ह्यांना पण नाही. दिवा बंद असला तरच कपडे बदलायची. वजन उतरलं होतं, पण कातडी जुन्याच मापाची राहिली होती. ती पुढे लोंबत होती, सुरकुतलेली, आणि तिला आत घ्यायला कुठलाही टाका चालणार नव्हता. त्यावर इकडे-तिकडे पाच छोटे व्रण, बटणाच्या काजाएवढे. मला तेव्हा लाज वाटली, खूप वाटली, आणि तरी मी पदर धरून तशीच उभी राहिले. मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर होता.

ती वाकली. खिडकीकडे वळवून नीट बघितलं. ओल्या, गार बोटाने एका व्रणाला हात लावला.

"ह्यातून? यवऱ्याशा भोकातून पोट काढला?"

"कापून तुकडा काढला."

"कवरा?"

मी हाताने दाखवलं. तिने कपाळाला हात लावला. "आनि ऱ्हायला कवरा?"

"एक केळं."

ती पलंगावर बसली. "मंग पानी?"

"जेवणाआधी प्यायले असते तर तुमची कोळंबी खाता आली नसती. मला कोळंबी खायची होती."

"आनि संकष्टी?"

"ती माझ्या नणंदेची करामत. तिला वाटलं, ऑपरेशन कळलं तर तुम्ही मुलगी देणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, पोटाकडे बघितलं, आणि हसायला लागली. अंग गदगदून. हसता हसता डोळे पदराने टिपले. "आवरासा पोट," ती म्हणाली, "मंग तो चिंबोरीचा नांगा कनाला घेतला?"

"समोर होता म्हणून!"

मग मलाही हसू आवरेना. उघड्या पोटाने हसले की ती सैल कातडी कशी हलते, हे मी पहिल्यांदाच बघितलं. ती माझ्या निऱ्या स्वतःच्या हाताने नीट खोचायला लागली, आईने पोरीच्या खोचाव्यात तशा. खोचता खोचता तिचं हसणं थांबलं. "ताई, मी गल्लीभर बोलून आले, पोरीची सासू गर्विष्ठ हाय म्हनून," ती म्हणाली. "माज्या सासूबायला बोलले, नंदेला बोलले, मार्केटात पाटावर बसून बोलले. मना वाटला, तुमी आमाला कमी समजता. लय लागला होता मना."

"मला पण लागलं असतं," मी म्हटलं. खरंच लागलं असतं. मी तर भाकरी फेकून मारली असती.

आम्ही ओटीवर बसलो. पाणी प्यायलेलं होतं, त्यामुळे लगेच खाता येणार नव्हतं. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "बसा मंग." मी तिच्या ब्लाऊजची बाही कुठे चुकलीय ते दाखवलं. तिने मुलगी लहानपणी होडीतून खाडीत पडली होती ते सांगितलं. माझा मुलगा बोलतो कमी, पण घरी आला की भांडी विसळून ठेवतो, हे मी सांगितलं आणि ते तिला फार आवडलं. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं तेव्हा ती उठली आणि आतून ताटलीत बोंबलाचं कालवण घेऊन आली. ओले बोंबील, नुसते चमच्याने मोडावेत असे मऊ.

"ह्यो चालेल?"

चालेल काय! डॉक्टरांनी लिहून दिल्यासारखं जेवण होतं. मी एक घास घेतला. चिंच, मिरची, लसूण, आणि आत तो लोण्यासारखा बोंबील. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. पण आता भाकरी घेऊन उभी नव्हती. मी चावत होते आणि ती मला चावू देत होती, घाई न करता. आमच्याकडे जेवणाऱ्याला एवढी शांतता कोण देतं? दुसरा घास, तिसरा, चौथा. मग शिंक आली.

"झाला?" तिने विचारलं.

"झालं."

ताटलीत अर्ध्याहून जास्त उरलं होतं. मला ओशाळल्यासारखं झालं. पहिल्यांदा मनासारखं जेवले आणि तरी पान टाकलंच. मी ताटली बाजूला सरकवायला गेले, तर तिने माझा हात धरला. ताटली आपल्याकडे ओढली, आणि माझं उष्टं कालवण, मी मोडलेल्या बोंबलाच्या तुकड्यासकट, माझ्यासमोर बसून खायला लागली. सावकाश, बोटं चाटत. "टाकायचा कनाला?" ती म्हणाली, "चांगला झालाय."

आता मात्र मला रडू आलं. इतके दिवस न आलेलं सगळं तिथे ओटीवर आलं. तिने डाव्या हाताने माझी पाठ थोपटली आणि उजव्याने जेवत राहिली.

मुलीचे वडील संध्याकाळी घरी आले. तिने त्यांना काय सांगितलं, ते मला माहीत नाही. पोट दाखवायला मात्र मला पुन्हा सांगितलं नाही, हे तिचे उपकार. लग्न ठरलं.

लग्न ठाण्यातल्या हॉलमध्ये झालं. दुपारी विहिणीची पंगत. मुलाच्या आईला मानाने जेवू घालायचं, ताटाभोवती रांगोळी, उदबत्ती, सगळ्या बायका आग्रहाला उभ्या, असा हा थाट असतो. एरवी मला त्याची भीती वाटली असती. पण मुलीच्या आईने आधीच सगळ्यांना बाजूला केलं, रांगोळीच्या आत माझ्याशेजारी आपला पाट ओढला आणि माझ्याच ताटात जेवायला बसली. मी पुरीचा कोपरा मोडायचा, उरलेली पुरी तिने संपवायची. वन्सं माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अगं, मुलीची आई विहिणीच्या ताटात? हे कुठलं नवीन?" पण मठ्ठ्याची वाटी त्यांनीच उचलून लांब ठेवली, मी चुकून घोट घेऊ नये म्हणून.

तेवढ्यात त्यांच्याकडची एक म्हातारी काठी टेकत आली. मुलीच्या आईची चुलत सासू. गल्लीभर पसरलेली ती जुनी बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, नवी पोचली नव्हती. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हीच का गो ती, आपल्या हातचा पानी न पिनारी?"

हॉलमधल्या बायकांनी माना वळवल्या. आमचे हे दूर पुरुषांच्या पंगतीत होते, त्यांनीही मान वर केली. मुलीच्या आईच्या तोंडात घास होता. तिने तो गिळला.

"हीच," ती म्हणाली. "पानी मागून पिते आता. आनि जेवते माज्या ताटात. तिचा उरलेला मना खायला लागतो, आवरी सुटले मी ते काय उगाच?"

म्हातारीने आम्हा दोघींकडे आणि ताटाकडे बघितलं. मग काठी तिने वन्संच्या हातात दिली, गुडघ्यांवर हात टेकून रांगोळीच्या कडेला खाली बसली, ताटातली माझी मोडलेली पुरी उचलली, माझ्या बाजूच्या श्रीखंडात बुडवली आणि तोंडात टाकली.